परराज्यात शिकायला पाठवायचे, पण कोणत्या विद्यापीठात?

बारावीचे निकाल लागले की वस्तीतले पालक गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. बाबासाहेब १९१३ साली सातासमुद्रापार गेले, मग आपल्या मुलीने हैदराबादला जायला काय हरकत आहे, असे एक जण विचारतो. दुसरा म्हणतो, खर्च कुणी करायचा? दोघांचेही खरे आहे. पण आमच्या मते आधी विचारायचे ते हे, की विद्यापीठ केंद्राचे की त्या राज्याचे?

हैदराबाद, बनारस किंवा दिल्लीचे जेएनयू ही केंद्रीय विद्यापीठे. तिथे परराज्यातला म्हणून जादा फी नाही आणि राखीव जागाही मिळतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तो इथे कामी येतो. मात्र दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा लागतो. पदवीच्या प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे. आपल्या कित्येक घरांत तिचे नावही पोचलेले नाही. आयआयटीत तर अनुसूचित जातीच्या मुलांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

दुसऱ्या राज्याच्या स्वतःच्या विद्यापीठात चित्र उलटे. घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या एका आदिवासी मुलाने इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली नाकारली. मूळ राज्यातली सवलत स्थलांतराबरोबर येत नाही, असा तो निकाल. तोच न्याय आपल्या मुलांना बंगळूर-भोपाळात लागतो. तिथे ती खुल्या गटात मोजली जातात, आणि बाहेरच्यांना जादा फी असेल तर तीही भरावी लागते.

आता घरचा हिशेब. भारत सरकारची शिष्यवृत्ती मूळ राज्याने द्यायची असते, म्हणून उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मूल परराज्यात असले तरी महाराष्ट्राकडे अर्ज करता येतो. पण पैसे उशिरा येतात. मेसवाला थांबत नाही. शिवाय समाजकल्याणचे वसतिगृह आणि त्यात जागा न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजारांपर्यंत, ही राज्यात शिकणाऱ्यांसाठीच. बाहेर गेले की त्यावर पाणी सोडावे लागते.

म्हणून केंद्रीय विद्यापीठ आणि हॉस्टेल दोन्ही मिळत असतील, तर पोटाला चिमटा घेऊन पाठवावे, मुलीला तर जरूर पाठवावे. जो अभ्यासक्रम इथे आहे, त्याच्यासाठी परराज्याच्या जादा फीचे कर्ज काढू नये. ज्या नावासाठी समाज १९७८ ते १९९४ लढला, ते विद्यापीठ मराठवाड्यात आहेच की!

प्रवेश घेण्याआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन परराज्यातल्या विद्यार्थ्याचा अर्ज कसा भरायचा ते विचारून घ्यावे. जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला, प्रत्येकाच्या चार-चार साक्षांकित प्रती मुलाच्या ट्रंकेत ठेवाव्यात. हॉस्टेलची जागा मात्र लेखी घ्यावी, फोनवरच्या शब्दावर सोडू नये.