घंटी कुणाच्या कानासाठी?

मंडळी, सायकलची घंटी घ्यायला आपण दुकानात जातो, दोनदा ट्रिंग ट्रिंग करून बघतो आणि आवाज आवडला की पैसे देतो. इथेच जरा थांबू या. घंटी वाजवणार आपण, पण ऐकणार पुढे चालणारा माणूस. मग पसंती कुणाच्या कानाची धरायची?

तो माणूस पुष्कळदा आमच्या वयाचा असतो. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. इवलीशी किणकिणती घंटी तरुण कानाला गोड लागते, पण जिची गरज म्हाताऱ्या माणसाला जास्त, ती त्याच्यापर्यंत पोचत नाही. साधारणपणे वाटी मोठी तसा स्वर खालचा. म्हणून मोठ्या वाटीची घंटी बरी.

प्रकार मुख्यतः दोन. एकीत अंगठ्याने खटका ओढला की आतली दातेरी चाकं फिरतात आणि सैल चकत्या वाटीवर आपटत राहतात. दुसरीत स्प्रिंगवरची हातोडी एकच टोला देते. वाटी पितळेची असेल तर नाद छान रेंगाळतो. रहदारीत पहिली, शांत गल्लीत दुसरी. बसवताना दोन गोष्टी बघा: ब्रेकवरची बोटं न काढता अंगठा तिथे पोचला पाहिजे, आणि वाटीला केबल टेकता कामा नये, टेकली की नाद मेलाच.

आता थोडं तत्त्वज्ञान. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवलं की बोलणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे, ती एक कृतीही असते. घंटीचंही तसंच आहे. ‘मी मागून येतोय’ ही सूचना झाली. ‘हो बाजूला’ हा हुकूम झाला. कर्कश इलेक्ट्रिक हॉर्न बहुधा हुकूमच सोडतो, आणि दचकलेला माणूस नेमका आपल्याच वाटेत उडी मारतो.

सूचना द्यायची तर समोरच्याला वेळही द्यायला हवा. ताशी २० किलोमीटर वेगाने आपण सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जातो. त्याला तीन सेकंद द्यायचे, तर सुमारे १७ मीटर आधीच घंटी वाजायला हवी. तरीही तो हलला नाही, तर ब्रेक आपण दाबायचा. ऐकू न येणं हा काही गुन्हा नव्हे, बरं का.

तेव्हा दुकानात जाताना घरातल्या एखाद्या आजोबांना बरोबर न्या. रस्त्यावर वीसेक पावलांवर पाठमोरं उभं करा आणि घंटी वाजवा. त्यांनी न दचकता मागे वळून पाहिलं, तर तीच घ्या.