‘कऱ्हाड’ शब्दात अक्षरे किती?

‘कऱ्हाड’ या शब्दात अक्षरे किती, असे शाळेतील मुलास विचारले तर तो सांगेल, तीन: क, ऱ्हा आणि ड. संगणक मात्र कधी सहा म्हणतो, कधी सात, तर कधी अठरा. आणि यांपैकी एकही उत्तर खोटे नसते. हा घोळ ‘स्कीम’ या संगणकभाषेच्या आधारे नीट उलगडतो. गाय स्टील व जेराल्ड ससमन यांनी ती १९७५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रचली. तिच्यातील आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो दुभाष्या, त्याला कंपायलर म्हणतात.

इंग्रजीपुरते पाहता काम सोपे होते. एका अक्षराला एक बाइट पुरे. सारख्या रुंदीच्या खोल्यांच्या चाळीत शंभरावी खोली जशी मापाने सापडते, तसे शंभरावे अक्षर तत्काळ सापडे. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातील लिप्यांना क्रमांक मिळू लागले. आज त्यात ११,१४,११२ क्रमांकांची सोय आहे. स्कीमच्या २००७ च्या सहाव्या अहवालाने युनिकोडचा एक क्रमांक म्हणजे एक अक्षर, असे मानले. देवनागरीत काना व हलन्त यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणून क, ऱ, हलन्त, ह, काना, ड असे सहा झाले.

आता हे साठवावे कसे? ‘चेझ’ हा कंपायलर प्रत्येक अक्षराला चार बाइट देतो. खोल्या सारख्या राहतात, शोध झटपट लागतो. पण इंग्रजी मजकूर चौपट जागा अडवितो. ‘चिबी’ हा यूटीएफ-८ ही पद्धत वापरतो. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये योजली. तीत इंग्रजी अक्षराला एक व देवनागरीला तीन बाइट लागतात. ‘कऱ्हाड’चे अठरा ते हेच. जागा वाचते, परंतु खोल्या लहानमोठ्या झाल्याने शंभरावे अक्षर गाठावयास आरंभापासून चालत जावे लागते. मध्येच लहान अक्षराच्या जागी मोठे घालावयाचे, तर पुढचे सारे बिऱ्हाड सरकवावे लागते. ‘गाइल’ने २०११ च्या आवृत्तीत मधला मार्ग धरला: साधा युरोपीय मजकूर असेल तर एकेक बाइट, एरवी चार.

राहिले सात. ‘ऱ’ हे एकाच क्रमांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. स्कीमची तुलना मात्र क्रमांक पाहते आणि त्यांना निराळी ठरविते. एखाद्या यादीत गावाचे नाव एका रूपात असेल आणि शोधणाऱ्याने ते दुसऱ्या रूपात टंकले, तर असलेले नाव नाही असे उत्तर येईल. त्यासाठी अहवालाने प्रमाणरूप करून घेण्याच्या क्रियाही दिल्या आहेत. तुलनेपूर्वी त्या वापरल्या की दोन्ही रूपे एक होतात. पण ‘र’, हलन्त व अदृश्य जोडखूण अशी तिसरी रीतही प्रचारात आहे, आणि ती या क्रियांनी बदलत नाही. तिच्यासाठी मराठीचा नियम कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच निराळा घालावा लागतो. तो घालावयास मराठी जाणणारा माणूसच हवा.