पंचवीस वाजता येणारी बस

पंचवीस कधी वाजतात का हो? "छे, कधीच नाही!" असंच तुम्ही म्हणाल. पण जगातल्या कितीतरी शहरांच्या बसच्या वेळापत्रकात '२५:१०' अशी वेळ खुशाल लिहिलेली असते. ही काय गंमत आहे, पाहू या.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 'ट्रायमेट' ही संस्था बसगाड्या चालवते. तिथल्या संगणक विभागातल्या बिबियाना मॅकह्यू यांना एक गोष्ट खटकत होती. मोटारीनं जायचं तर इंटरनेटवर रस्ता चटकन सापडे. पण परक्या गावात बसनं जायचं म्हणजे पंचाईत! त्यांनी गूगलमधल्या इंजिनिअरांशी हातमिळवणी केली आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडची बस संगणकावर शोधता येऊ लागली.

पण बाकीच्या शहरांचं काय? प्रत्येकाची वेळापत्रक लिहिण्याची तऱ्हा निराळी. पूर्वी आपल्याकडे गावोगावी शेर-पायलीची मापं वेगवेगळी असत, तसंच हे. मग किलोसारखं सर्वांसाठी एकच 'माप' ठरलं. एका तक्त्यात थांबे, दुसऱ्यात मार्ग, तिसऱ्यात फेऱ्या आणि चौथ्यात कोणती फेरी कोणत्या थांब्यावर केव्हा येते ते. दोन रकान्यांच्या मध्ये फक्त स्वल्पविराम! इतकं सोपं, की लहानशा गावालाही जमावं. अशा ठरलेल्या पद्धतीला 'मानक' म्हणतात. या मानकाचं नाव जीटीएफएस.

आता पंचवीसचं कोडं. समजा, शनिवारची शेवटची बस रात्री ११:५० ला सुटली आणि १:१० ला पोचली. डेपोच्या हिशेबी ती शनिवारचीच बस. पण '०१:१०' लिहिलं, तर संगणक म्हणेल, "सुटण्याआधीच पोचली?" म्हणून २४ मध्ये १:१० मिळवायचे. झाले २५:१०!

२००६ मध्ये हे नियम सर्वांसाठी खुले झाले. नावातला 'जी' आधी गूगलचा होता. पुढे तो 'जनरल' म्हणजे सर्वसाधारण या शब्दाचा झाला. कारण माप एका दुकानदाराच्या मालकीचं असून कसं चालेल?

या रविवारी तुमच्या थांब्यावरच्या बसचे असे चार तक्ते करून पाहा. दुसऱ्या गावच्या मित्राला ते काही न विचारता वाचता आले, तर समजा, तुम्हाला मानक कळलं!