नवा लॅपटॉप का दमतो?

नवी वस्तू जुन्या वस्तूपेक्षा चांगलीच असणार, असे आपण सहसा गृहीत धरतो. घरात लॅपटॉप घ्यायचे ठरले, की जाहिरातीतले आकडे वाचले जातात, तो किती हलका व किती पातळ आहे हे पाहिले जाते आणि महिनोन्‌महिने साठवलेली रक्कम खर्च होते. मग काही दिवसांतच कुरबुर सुरू होते. यंत्र तापते, मोठे काम दिले की मंदावते, एखादी कळ दाबूनही अक्षर उमटत नाही. नव्या आणि महाग यंत्राचे असे का व्हावे? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील उष्णतेच्या प्रकरणातच आहे. प्रत्यक्ष घडलेल्या एका उदाहरणावरून ते समजून घेऊ या.

फ्रीझरमध्ये ठेवलेला लॅपटॉप

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने १५ इंची मॅकबुक प्रो लॅपटॉपची नवी आवृत्ती बाजारात आणली. तिच्या सर्वांत महाग प्रकारात इंटेल कंपनीचा सहा गाभ्यांचा ‘आय-९’ प्रोसेसर होता. सहा गाभे म्हणजे एकाच चकतीवर शेजारी शेजारी काम करणारे सहा गणक. त्याचा मूळ वेग २.९ गीगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २.९ अब्ज ठोके इतका होता. एकाच गाभ्यावर थोडा वेळ काम असेल, तर तो ४.८ गीगाहर्ट्झपर्यंत जाऊ शकत असे.

डेव्ह ली नावाच्या समीक्षकाने या यंत्राला व्हिडिओ तयार करण्याचे एक मोठे काम दिले. त्याला सुमारे ३९ मिनिटे लागली. तेच काम २०१७ सालच्या, कमी ताकदीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपने सुमारे ३५ मिनिटांत केले होते! मग ली यांनी नवा लॅपटॉप चक्क फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा तेच काम दिले. या वेळी ते सुमारे २७ मिनिटांत संपले. प्रोसेसर तोच, काम तेच. बदलले होते फक्त भोवतालचे तापमान. (हा प्रयोग तुम्ही मात्र करू नका. थंड यंत्र बाहेर काढले, की हवेतील बाष्प त्यावर जमते आणि आतील मंडले खराब होऊ शकतात.)

काही दिवसांतच अ‍ॅपलने आज्ञावलीत एक चूक राहिल्याचे मान्य केले आणि २४ जुलै २०१८ रोजी दुरुस्ती दिली. त्यानंतर वेग पूर्वीसारखा कोसळेनासा झाला. तरीही उष्णतेची मर्यादा राहिलीच, कारण ती आज्ञावलीने पुसता येत नाही.

गळकी बादली

नळाखाली एक बादली ठेवली आहे आणि तिच्या तळाला भोक आहे, अशी कल्पना करा. नळ सोडला की पाणी चढू लागते. पातळी जसजशी वाढते, तसतसे भोकातून पाणी अधिक जोराने बाहेर पडते. शेवटी येणारे व जाणारे पाणी समान झाले, की पातळी स्थिर होते. नळ जास्त सोडला, तर बादली ओसंडते. ती ओसंडू द्यायची नसेल, तर नळ थोडा बंद करावा लागतो.

लॅपटॉपमध्ये पाण्याच्या जागी उष्णता आहे. पातळी म्हणजे तापमान, भोक म्हणजे पंखा व धातूच्या पट्ट्या, आणि नळ म्हणजे प्रोसेसरचा वेग. वर सांगितलेल्या प्रोसेसरचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोचले, की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. काम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे यंत्र धावते आणि मग मंदावते, ते यामुळेच. जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा या पहिल्या धावेचा असतो.

वेग वाढला की उष्णता किती वाढते, याचा हिशोब करून पाहा. प्रोसेसरला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेग आणि विद्युद्दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. समजा, वेग दीडपट केला आणि त्यासाठी विद्युद्दाब १.२ पट करावा लागला. शक्ती १.५ × १.४४, म्हणजे सुमारे २.१६ पट होईल. वेग दीडपट, पण उष्णता दुपटीहून अधिक!

आता पातळपणाकडे वळू. यंत्राची जाडी कमी केली, की पंख्याची पाती बुटकी होतात, हवेचे मार्ग अरुंद होतात आणि पट्ट्यांचे क्षेत्रफळ घटते. म्हणजेच बादलीचे भोक लहान होते.

आपल्याकडील उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. उष्णता बाहेर जाण्याचा वेग दोन तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. खोलीत २५ अंश असतील, तर १०० अंशांच्या मर्यादेपर्यंत ७५ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात नागपुरातील खोलीत ४२ अंश असतील, तर फरक ५८ अंशांचाच उरतो. बाकी सर्व सारखे धरले, तर तेच यंत्र सुमारे २३ टक्के कमी उष्णता बाहेर टाकू शकेल.

कळीखालचे फुलपाखरू

पातळपणाची किंमत कळफलकालाही मोजावी लागली. लॅपटॉपच्या कळीखाली सहसा कात्रीसारखी एकमेकींत अडकवलेली दोन पाती असतात. अ‍ॅपलने २०१५ साली १३.१ मिलिमीटर जाडीच्या मॅकबुकमध्ये त्याऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी उघडणारी, अधिक पातळ रचना वापरली. पुढे ती मॅकबुक प्रोमध्येही आली. मात्र कळ खाली जाण्यास जागा इतकी थोडी होती, की धुळीचा कणही तिला अडवू शकत असे. कळ अडके किंवा एकच अक्षर दोनदा उमटे. शिवाय कळफलक, वरचे कवच आणि बॅटरी एकत्र जोडलेली असल्याने दुरुस्तीत अनेकदा हा सगळाच भाग बदलावा लागे.

जून २०१८ मध्ये कंपनीने अशा कळफलकांच्या मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. ग्राहकांनी दावाही लावला. चूक मान्य न करता, ५ कोटी डॉलर देऊन तो मिटवण्यास कंपनी जुलै २०२२ मध्ये तयार झाली.

नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीची रचना परत आली. जाडी १५.५ वरून १६.२ मिलिमीटर झाली. हवेचा प्रवाह २८ टक्क्यांनी व उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाचा आकार ३५ टक्क्यांनी वाढवल्याचे कंपनीने सांगितले. अर्थात नळच बारीक करणे, म्हणजे कमी शक्तीत तेवढेच काम करणारा प्रोसेसर घडवणे, हा दुसरा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलनेच स्वतःचा ‘एम-१’ प्रोसेसर घालून पंख्याविना चालणारा मॅकबुक एअर बाजारात आणला.

उदाहरण एका कंपनीचे घेतले, पण उष्णतेचे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. म्हणून घरात लॅपटॉप घ्यायचा असेल, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. सलग अर्धा तास काम केल्यावर याचा वेग किती राहतो? एक कळ बिघडली, तर काय काय बदलावे लागेल? पंखा साफ करण्यासाठी मागचे झाकण सहज उघडते का?

करून पाहा

शाळेतील लॅपटॉपला शिक्षकांच्या मदतीने एकच काम, उदाहरणार्थ एखाद्या व्हिडिओचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर, लागोपाठ सहा वेळा द्या. दर वेळी लागलेला वेळ सेकंदांत नोंदवा. आडव्या अक्षावर फेरीचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर वेळ घेऊन आलेख काढा. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर त्याची मागची बाजू दोन वह्यांवर टेकवून, खालून हवा खेळेल अशी ठेवा आणि प्रयोग पुन्हा करा. खोलीचे तापमान दोन्ही वेळा लिहून ठेवा. दोन आलेखांत फरक पडतो का? पडला, तर नेमका कोणत्या फेरीपासून, याची वर्गात चर्चा करा.