पोथी मोठी, गाणं आपलं



आपली पोरं मोबाईलवर गिटार आणि ड्रमची गाणी ऐकतात. त्यातल्या एका प्रकाराला ‘फोक रॉक’ म्हणतात. फोक म्हणजे लोकांचं. लोकगीताची चाल घ्यायची आणि तिला विजेवरच्या गिटारची, ड्रमची साथ द्यायची. १९६०च्या दशकात हा प्रकार अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रुजला.

त्या काळात तिकडे एक अद्भुत कथा फार वाचली जात होती. टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. १९५४-५५मध्ये ती तीन भागांत छापली गेली. त्यात शेतीभातीत रमणारी बुटकी माणसं आहेत, बोलणारी झाडं आहेत आणि एक अंगठी आहे. ज्याच्या हाती अंगठी, त्याचं मन ती बिघडवते. म्हणून ती आगीच्या डोंगरात टाकायची, अशी गोष्ट.

इंग्लंडच्या ‘लेड झेपलिन’ या बँडने १९६९ साली ‘रॅम्बल ऑन’ हे गाणं केलं. त्यात या कथेतला गॉलम येतो. पुस्तकात गॉलमला लोभ आहे अंगठीचा. गाण्यात मात्र तो गाणाऱ्याची प्रेयसी पळवतो. पुस्तकात अशी मुलगीच नाही! १९७१ साली त्यांनी ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ केलं, तेव्हा लोकगीतं गाणाऱ्या सँडी डेनी यांना सोबत घेतलं. तो लढाईची हकिकत सांगतो, ती लोकांना हाक देते.

म्हणजे गाणारा अख्खी पोथी गात नाही. जिथं आपलं दुखतं, तेवढंच उचलतो आणि त्यात स्वतःचं घालतो.

बायांनो, हे आपल्याला नवं आहे का? आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात मराठीत भावार्थ रामायण लिहिलं. रामायणात लढाया पुष्कळ. पण जात्यावर बसलेल्या बायांनी काय उचललं? सीतेचा वनवास, रानातलं बाळंतपण, तिचा सासुरवास. ‘माझा छळ होतो’ असं जिला घरात म्हणता येत नव्हतं, ती सीतेचं नाव घेऊन म्हणत होती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. म्हणून त्या आज ‘पारी’च्या वेबसाइटवर वाचता-ऐकता येतात.

आता दळण गिरणीत जातं. जातं कोपऱ्यात, आणि ओवी म्हाताऱ्या बायांच्या फक्त आठवणीत. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आजीला, मावशीला एक ओवी म्हणायला लावा. त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. नाव, गाव आणि ओवी कुणाकडून शिकल्या, तेही बोलून घ्या.

पुढे पोरींना त्याला गिटार लावायची असेल तर खुशाल लावू द्या. पण त्यासाठी आधी ओवी तर हाती हवी.