पाहिजे: सावळी नायिका

व्हॅम्पायर चालेल, लांडगा होणारा हीरो चालेल, अगदी बॉसच्या प्रेमात पडणारी सेक्रेटरीही चालेल... पण हिरॉइन आपल्यासारखी दिसणारी हवी! रोमान्स आणि अर्बन फॅन्टसीच्या शेल्फवर केलेली ही शोधमोहीम.

सकाळची पनवेल-ठाणे लोकल. लेडीज डब्यात एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने किंडल धरून माझी एक मैत्रीण उभी. नेरुळला चढायचं, ऐरोलीला उतरायचं, मग दिवसभर आयटी कंपनीतलं कोडिंग. मधली पंचवीस मिनिटं तिची स्वतःची. त्यात ती वाचते ते असं: धुक्यातलं शहर, रात्री शिकारीला निघणारे पिशाच्च आणि त्यांना पुरून उरणारी एक डॅशिंग पोरगी. यालाच म्हणतात अर्बन फॅन्टसी. जादू घडते ती राजवाड्यात नाही, तर तुमच्या-आमच्यासारख्या ट्रॅफिकवाल्या शहरात.

तुर्भे गेलं आणि तिने किंडल बंद केलं. म्हणाली, ‘‘यार, या सगळ्या गोऱ्याच का असतात गं? याच्यात जगात भुतं असू शकतात, पण सावळी हिरॉइन असू शकत नाही?’’

मी हसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो माझाही होता.

नववीत असताना ‘ट्वायलाइट’ वर्गात हातोहात फिरत होतं. माझा नंबर लागला तेव्हा दोन रात्री जागून वाचलं. फिकट गोरी बेला, तिच्याहून फिकट एडवर्ड! पुस्तक मिटलं आणि आरशात बघितलं. घरात आजीचं दूध-हळदीचं लेपन चालूच होतं, ‘नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा...’ हे अर्धं वाक्यही चालूच होतं. प्रेमात पडायचा हक्क रंग बघून मिळतो असं मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. पुस्तकांनी न सांगता शिकवलं. आपण हिरॉइनची मैत्रीण. तिला चिठ्ठी नेऊन देणारी.

म्हणून ठरवलं, शोधूच या!

तिकडची गोष्ट

आधी साहेबाच्या देशात डोकावू. तिकडेही हे काही आपोआप झालेलं नाही. अमेरिकेत एल्सी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी रोझालिंड वेल्स या नावाने ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ ही प्रेमकथा लिहिली. नायक-नायिका दोघंही कृष्णवर्णीय. ती छापून आणली व्हिवियन स्टीफन्स या संपादिकेने. वर्ष होतं १९८०!

बरं, पुस्तकात सावळी नायिका आली म्हणजे ती कव्हरवर येतेच असंही नाही. २००९ मध्ये जस्टिन लार्बलेस्टियरच्या ‘लायर’ची गंमत झाली. नायिका कृष्णवर्णीय आणि अमेरिकन आवृत्तीच्या कव्हरवर गोरी मुलगी! वाचकांनी आणि खुद्द लेखिकेने आवाज उठवला, तेव्हा कुठे प्रकाशकांनी कव्हर बदललं. म्हणजे लेखिकेने रंग लिहिला तरी दुकानात पोचेपर्यंत तो धुतला जाऊ शकतो.

आज मात्र चित्र बरंच वेगळं आहे. ट्रेसी डिऑनच्या ‘लेजंडबॉर्न’मध्ये (२०२०) राजा आर्थरच्या दंतकथेत घुसणारी ब्री ही कृष्णवर्णीय मुलगी आहे. फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली भारतीय वंशाची नलिनी सिंग तर पॅरानॉर्मल रोमान्समधलं टॉपचं नाव आहे.

आणि माझा खरा जॅकपॉट? सोनाली देव. मुंबईहून अमेरिकेत गेलेली लेखिका. तिच्या ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’ (२०१९) या कादंबरीची नायिका कॅलिफोर्नियात न्यूरोसर्जन आहे आणि तिचं नाव आहे तृषा राजे. हो, राजे! जेन ऑस्टिनच्या कथेत ताठा नायकाचा होता, इथे तो आपल्या डॉक्टरीणबाईंचा आहे. आडनाव वाचून मी सोफ्यावर उठून बसले.

दिल्ली, कोलकाता, यारी रोड

मग देशी इंग्रजी शेल्फ. श्वेता तनेजाच्या ‘कल्ट ऑफ केऑस’मध्ये अनंत्या तांत्रिस्त ही तरुण तांत्रिक डिटेक्टिव्ह दिल्लीच्या गल्लीबोळांत राक्षसांच्या मागे लागते. शिव्या देते, मार खाते, परत उठते. इंद्र दासच्या ‘द डिव्हावरर्स’ची (२०१५) सुरुवात कोलकात्यात होते आणि तिथून ती मोगल काळात जाते. रूप बदलणाऱ्या नरभक्षकांची ही कथा अंगावर येणारी आहे, जेवताना वाचू नका! समित बसूच्या ‘टर्ब्युलन्स’मध्ये (२०१०) लंडनहून दिल्लीला येणाऱ्या विमानातल्या प्रवाशांना अचानक सुपरपॉवर्स मिळतात आणि सगळा राडा होतो आपल्या मुंबईत, वर्सोव्याच्या यारी रोडवर.

रोमान्सवाल्यांनीही हट्ट करायला हरकत नाही. मिल्स अँड बूनने २००८ मध्ये भारतात अधिकृतपणे दुकान थाटलं आणि पाठोपाठ मिलन व्होराच्या ‘द लव्ह आसना’तून पहिल्या भारतीय लेखिकेचं नाव त्यांच्या कव्हरवर आलं. नाहीतर तोपर्यंत आपण रद्दीवाल्याकडून ग्रीक कोट्यधीशच आणत होतो!

आणि मराठीत?

इथे मला सगळ्यात जास्त आशा होती. कारण भुतांच्या बाबतीत आपण कधीच गरीब नव्हतो. वेताळ, मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, पाण्यात ओढणारा गिऱ्हा... व्हॅम्पायर कशाला हवा?

नारायण धारप (१९२५-२००८) यांनी हे साम्राज्य उभं केलं. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ वाचा. परदेशी रक्तपिपासू मराठी मातीत आणून कसा रुजवायचा, याचा तो धडाच आहे. त्यांचे ‘समर्थ’ सैतानी शक्तींशी लढतात आणि ते सांगतात कोण, तर अप्पा जोशी! रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) तर भीती थेट मध्यमवर्गीय घरात आणून ठेवली. नावाची ओळख नव्हती इतकंच, पण अर्बन फॅन्टसीची शेजारीण आपल्याकडे केव्हाच राहायला आली होती.

मात्र या घरांमध्ये लढणारे बहुतेक पुरुष. आणि बाजूच्या प्रेमकथांच्या कपाटात गेलं की ‘केतकी वर्ण’ आणि ‘गोरापान चेहरा’ ठरलेला. वाशीच्या एका लायब्ररीत मी पानं चाळत बसले. काउंटरवरच्या काकांना विचारलं, ‘‘सावळी नायिका असलेली लव्हस्टोरी आहे का हो?’’ काकांनी चष्मा वर केला. ‘‘दुःखी पाहिजे का?’’

तिथेच तर गोम आहे ना! सावळी आली की तिचा रंग हाच प्रॉब्लेम, हीच स्टोरी. छोट्या पडद्यावरचंच बघा. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली. रंगावरून होणाऱ्या भेदभावावर मालिका, आणि सावळी दीपा साकारायला उजळ अभिनेत्रीला मेकअपने सावळं केलेलं. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ गेला, लग्नाच्या जाहिरातीतला ‘गोरी’ कुठे गेला? विठोबा सावळा चालतो, सून नाही. आणि द्रौपदीचं तर नावच कृष्णा!

मला रंगाचं दुःख असलेली नायिका नकोच आहे. मला सावळी, कामात हुशार, थोडी तिरसट, भुताला कानाखाली मारणारी आणि शेवटी मस्त प्रेमात पडणारी हवी आहे. रंगाचा उल्लेख एका वाक्यात, बस्स.

सेट तयार आहे!

तिच्यासाठी आपल्या नवी मुंबईसारखा सेट कुठे मिळणार? १९७० मध्ये सिडको आली, नकाशावर चौकोन आखले गेले, सेक्टरना नंबर पडले. पण त्या चौकोनांच्या मध्ये आगरी-कोळ्यांची गावं आणि त्यांच्या गावदेव्या ठाण मांडून आहेतच. एका बाजूला काचेचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला जत्रा. खाडीत फ्लेमिंगो, बेलापूरला किल्ल्याचे अवशेष. आता कल्पना करा: नाइट शिफ्टहून कॅबने परतणारी कुणी म्हात्रे किंवा तांडेल आडनावाची मुलगी, पाम बीच रोड, भरतीची वेळ... आणि खाडीतून गिऱ्हा तिला नावाने हाक मारतो. तो तिच्या पणजीला ओळखत असतो!

हे पुस्तक मला अजून मिळालेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी लिहा की राव!

शोधायचं कसं? पाच फंडे

१. कव्हरवर विश्वास ठेवू नका. पहिलं प्रकरण वाचा, मग बिल करा.

२. विषयापेक्षा लेखिकेच्या नावाने शोधा. एक आवडली की तिने कुणाची तारीफ केलीय ते बघा. माळ लागते.

३. नायिकेची त्वचा दर पानाला कॉफी-चॉकलेट-दालचिनी होत असेल तर सावधान! ती माणूस आहे, मेनूकार्ड नाही.

४. लायब्ररीत पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर काका तरी काय आणणार?

५. वाचायला वेळ नसेल तर ऐका. २०१७ मध्ये स्टोरीटेल मराठीत आल्यापासून गूढकथांची चंगळ आहे.

आणि हो, ती लोकलमधली मैत्रीण! तिला मी तृषा राजे वाचायला दिली. दुसऱ्याच सकाळी फोन. ‘‘अगं, ऐरोली गेलं, दिघा गेलं, मी ठाण्याला उतरलेय!’’

‘‘मग? बॉसला काय सांगणार?’’

‘‘सांगेन काहीतरी. आधी सांग, हिचा पुढचा भाग आहे का?’’