थर थराला कसा धरतो?

बीड जिल्ह्यात माजलगाव, केज, गेवराई, अंबाजोगाई या पट्ट्यात साखर कारखाने आहेत. गाळप सुरू असताना मिल हाउसमध्ये गेलात, तर फिरत्या रोलरवर वेल्डिंग करणारा माणूस दिसू शकतो. या कामाला आर्किंग म्हणतात. रोलरचे दात झिजून गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, मिल नीट ओढत नाही. म्हणून मिल बंद न करता दातांच्या माथ्यावर कठीण मिश्रधातूचे बारीक खडबडीत ठिपके चढवले जातात. रस, चोथा, धग, ठिणग्या या सगळ्यात हात स्थिर ठेवून करायचं हे कसबाचं काम आहे.

हंगाम संपल्यावर जास्त झिजलेला भाग भरून काढायचा, तर एकावर एक थर द्यावे लागतात. प्रत्येक थरानंतर हातोडीने स्लॅग, म्हणजे थरावर गोठलेलं कवच, फोडायचा, तारेच्या ब्रशने जागा लख्ख करायची, मगच पुढचा थर. स्लॅग आत राहिला तर थर जोडल्यासारखा दिसतो, पण ताण आला की तिथूनच सुटतो. रोलर कास्ट आयर्नचा, म्हणजे भरपूर कार्बन असलेला. जोडालगतचा भाग झटकन थंड झाला की कडक आणि ठिसूळ होतो, तडकतो. उष्णता सांभाळणं म्हणूनच निम्मं काम.

अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आपण ज्याला सरसकट थ्रीडी प्रिंटिंग म्हणतो, त्याची ही सख्खी भावकी आहे. वेल्डिंगच्या थरांनी शोभेच्या वस्तू घडवण्याचं पेटंट अमेरिकेत राल्फ बेकर यांना 1925 मध्ये मिळालं होतं. आज त्याच पद्धतीत होल्डर रोबोच्या हाती असतो. रॉडऐवजी अखंड तार येते, भोवती वायूचं संरक्षण असतं, त्यामुळे स्लॅग जवळजवळ होत नाही. आधीचा थर ठरावीक तापमानाला उतरला की पुढचा चढतो. शेवटी लेथवर किंवा मिलिंग मशीनवर फिनिशिंग. तारेऐवजी पावडर आणि आर्कऐवजी लेसरही वापरतात.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एकूण सात कुळं आहेत. मला वाटतं, नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: थर थराला कशाने धरतो?

अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत मुलं बहुधा पहिलं कूळ पाहतात. सोऱ्यातून शेव पडावी तसं वितळलेलं प्लास्टिक नोझलमधून येतं. 1.75 मिलिमीटरची तार सुमारे 200 अंशांना मऊ होऊन साधारण 0.4 मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडते आणि खालच्या थराला आपल्या उष्णतेने चिकटते. चिकटण्याला वेळ मिळतो तो क्षणभराचा. म्हणून अशी वस्तू थरांच्या दिशेने ओढली तर टिकते आणि थरांना आडवी ओढली तर लवकर सुटते. आकडा छापायचा असेल, तर उभा न ठेवता आडवा ठेवून छापावा, तो जास्त भार पेलतो.

दुसऱ्या कुळात द्रव राळ असते. चार्ल्स हल यांनी 1984 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. अतिनील प्रकाश पडेल तिथेच राळ घट्ट होते; नंतर वस्तू धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करतात. दातांच्या साच्यांना ही पद्धत सोयीची.

तिसरं कूळ पावडरचं. धातूच्या पावडरचा 20 ते 60 मायक्रॉनचा थर पसरतो, लेसर हवा तेवढाच भाग वितळवतो, पाट किंचित खाली सरकतो, पुन्हा थर. हवेतला ऑक्सिजन लागू नये म्हणून पेटीत आर्गॉन किंवा नायट्रोजन भरतात. इथेही आतल्या ताणाने वस्तू वाकते. त्यामुळे पाटावरून कापण्याआधी ती बहुतेक वेळा भट्टीत तापवून घेतात.

वेल्डिंगच्या थरांचं कूळ वर आलंच आहे. उरलेल्यांपैकी एकात राळेचे थेंब टाकत थर रचतात, एकात कागद किंवा पत्रे एकमेकांवर जोडून आकार कापतात. एकात पावडरवर शाईसारखा चिकट द्रव फवारतात. या शेवटच्या पद्धतीचं मला फार महत्त्व वाटतं, कारण ती वाळूवरही चालते. जुन्या पंपाचा इम्पेलर तुटला, लाकडी पॅटर्नही हरवला, तरी मोजमापं घेऊन वाळूचा साचा थेट छापता येतो. पुढे त्यात धातू ओतायचं काम नेहमीच्या फाउंड्रीचंच.